काडतूस

पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं,
मी काडतुसं बदलतो.
ती गप्पच झाली. मग हळूच,
कुणाच्या बंदुकीतली रे?

अजून हसू येतं,
अबू शगाऱ्यात, सातव्या मजल्यावर
सिंकखाली पालथा पडून
निळी वाटी पान्याने सोडवताना.

पाणी समुद्राचं.
मीठ काढलेलं, मोजून चुना घातलेलं,
शहराच्या नळातून येतं तेव्हा चोख असतं.
मग गच्चीवरच्या टाकीत उकडत पडतं,
खाली उतरता उतरता
थोडा गंज, थोडी वाळू,
इमारतीची थोडी सवय अंगाला लावून घेतं.
जुलैत गार पाण्याचा नळ हात भाजतो,
तेव्हा लोक गीझर बंद ठेवतात
आणि गार पाणी गरमच्या तोटीतून घेतात.
हे मंडणगडात कुणाला पटत नाही.
मीही आता पटवायला जात नाही.

आधी सूत, मग कोळसा, मग पडदा.
कोळशाने पाणी काळं नाही होत? आई विचारते.
म्हटलं, जन्मभर राखुंडी लावलीस,
दात झाले का काळे?

सूत पांढरं घालायचं,
तीन महिन्यांनी चहासारखं निघतं.
पाचव्या मजल्यावरची सिरियन बाई
ते हातात घेऊन बघते, नाक मुरडते,
फोटो काढून नवऱ्याला पाठवते.
चौदा नंबरमध्ये एका खोलीत नऊ पोरं,
वर्गणी काढून फिल्टर बसवलाय,
त्यांचं सूत दीड महिन्यात खलास.
पैसे नाण्यांत देतात, दोनदा मोजून.

आणि नऊशे चार. देवस्थळी.
दाराला पितळी पाटी, मराठीत.
सर्वेअर होते. बाई गेल्यापासून एकटे.
मुलगा अबूधाबीला,
वर्षाचं कंत्राट त्यानेच भरलेलं.
वाटी सोडवली
तर सूत पांढरं,
घातलं होतं तसंच, समईतल्या कोऱ्या वातीसारखं.
नळ सोडला. धार बरोबर.
मीटर बुडवला. पंचेचाळीस. उत्तम.
बदललं, सही घेतली, गेलो.
तीन महिन्यांनी पुन्हा पांढरं.

आमच्या धंद्यात काळ्याची भीती नसते.
पांढरं बघून मात्र माझाच घसा कोरडा पडला.
काका, पाणी पीत नाही का तुम्ही?

त्यांनी चपला घातल्या,
फिरकीचा तांब्या घेतला
आणि काही न बोलता मला लिफ्टने खाली नेलं.

गल्लीच्या तोंडाशी एका व्हिलाच्या भिंतीला
बाहेरून कूलर लावलाय,
कुणी अरबाने, वारलेल्या बापाच्या नावाने.
साखळीला बांधलेला पेला.
पार्सल पोचवणारा एक पठाण, दोन बंगाली मिस्त्री,
हेल्मेट काखेत धरून चूळ भरणारा नेपाळी.
आओ चाचा, म्हणत पठाण बाजूला झाला.
घुटना कैसा है?
देवस्थळींनी गुडघ्याचं सगळं सांगितलं, सविस्तर,
हिंदी अडलं तिथे मराठीत,
आणि त्या चौघांनी ते उभ्याने ऐकून घेतलं.
मग पेला माझ्यापुढे धरला :
याचा आकडा काढ.

तीनशे दहा.

बघ, ते म्हणाले,
वर्गात पहिला आल्यासारखे.

मी कूलरचं मागचं झाकण उघडलं. सवयच ती.
आतलं सूत नव्हतंच सूत,
नुसता काळा गोळा, कधी घातला देव जाणे.
पिशवीत नऊशे चारचं होतं,
दोन्ही खेपांना कोरंच राहिलेलं.
पाच मिनिटांचं काम.
बिलावर मुलाचं नाव.
बिजूला, म्हणजे सुपरवायझरला, सांगितलं नाही.

रात्री आईला सांगितलं,
आज एक काडतूस भलत्याच ठिकाणी घातलं.
अगं बाई, कुणाला लागलं का?
लागलं की, म्हटलं.
येईल त्याला.